डॅनियल बूनच्या जमिनींचे कागद वाचताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या केंटकीत वसाहत करणाऱ्या पहिल्या फळीतला डॅनियल बून (1734–1820) म्हणजे वकिलांनी लुबाडलेला अडाणी शिकारी, अशी समजूत सर्रास दिसते. प्रत्यक्षात त्याला लिहिता-वाचता येत होतं आणि 1780च्या दशकात केंटकीत तो स्वतः दुय्यम मोजणीदार होता. तरीही जमिनी गेल्या. का, ते कागदांतच सापडतं. फक्त कागद नीट वाचायला हवेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वॉरंटलाच मालकी समजणं. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं, आणि व्हर्जिनियाच्या 1779च्या कायद्यात चार पायऱ्या होत्या: वॉरंट (ठरावीक एकर मागण्याचा परवाना), काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मोजणीदाराकडे एंट्री (जागेची नोंद), प्रत्यक्ष मोजणी आणि शेवटी ग्रँट (सरकारी मालकीपत्र). वॉरंटवर नुसते एकर असतात. जागा ठरते ती एंट्रीत, आणि लगतची मोकळी जमीन दुसऱ्याला खात्रीनं ओळखता येईल इतकी ती नेमकी हवी, अशी कायद्याची अट. मोघम एंट्री कोर्टात टिकत नसे. बूनच्या कित्येक एंट्र्या ढिल्या होत्या, काहींचं पुढचं काम झालंच नाही. सातबाऱ्यासारखा एकच उतारा इथे मिळणार नाही, म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी चारही टप्प्यांच्या तारखा एका ओळीत मांडा. रकाना रिकामा दिसला की तिथेच थांबून शोधा.

दोन ग्रँट एकाच जमिनीवर आले तर? केंटकीत हे नेहमीचंच, कारण आधी सरकारी मोजणी करून मग वाटप असा क्रमच नव्हता. कायद्याच्या कोर्टात जुना ग्रँट जिंकायचा. इक्विटीच्या, म्हणजे कायद्याच्या शब्दापेक्षा न्याय्यता पाहणाऱ्या, कोर्टात आधीची वैध एंट्री जुन्या ग्रँटवरही मात करू शके. त्यामुळे नुसती ग्रँटची तारीख पाहून निकालाचा अंदाज बांधू नका. ग्रँट निघण्याआधी कुणी कॅव्हेट (ग्रँट थांबवण्याची हरकत) टाकलं होतं का, तेही तपासा.

1775चे ट्रान्सिल्व्हानिया कंपनीचे कागद वेगळे ठेवा. कंपनीचा प्रमुख रिचर्ड हेंडरसन यानं चेरोकी या मूळनिवासी जमातीकडून केलेली ती खरेदी व्हर्जिनियानं 1778मध्ये रद्दबातल ठरवली.

मोजणीचे आकडे पडताळणं सोपं आहे, तरी बहुतेक जण ते टाळतात. पोल म्हणजे साडेसोळा फूट. 160 चौरस पोलांचा एक एकर. 1 जानेवारी 1778पूर्वी वस्ती केलेल्यांना 400 एकर मिळत, म्हणजे चौरस तुकड्याची बाजू सुमारे 253 पोल. त्यावरच्या 1000 एकरांच्या अग्रहक्काची (इतरांआधी विकत घेण्याच्या हक्काची) बाजू बरोबर 400 पोल. समजा 5000 एकरांच्या एका मोजणीत बाजू 1200 आणि 666 पोल आहेत: गुणाकार करून 160ने भागलं की 4995, म्हणजे जवळजवळ 5000. गणित चोख! अडचण चतुःसीमेत आहे. कोपरे म्हणजे शुगर मेपल, अ‍ॅश, अक्रोड अशी झाडं. ती तोडली गेली की कोपरा साक्षीदाराच्या आठवणीवर. त्यात दिशा होकायंत्राच्या, आणि चुंबकीय उत्तर सरकत राहते. जुन्या दिशा आजच्या नकाशावर जशाच्या तशा काढल्या तर तुकडा फिरलेला दिसेल.

बूनचं नाव दिसलं की जमीन त्याची, असंही नाही. मोजणीच्या कागदावर मोजणीदार, दोन साखळीवाले आणि झाडांवर खुणा करणारा यांचीही नावं असतात. शिवाय वॉरंट आणि एंट्री दुसऱ्याच्या नावे करून देता येत, म्हणून हस्तांतराचा शेरा आधी वाचा.

बूनच्या कर्जाचं मूळ शोधताना खरेदीखतांवर थांबू नका. ग्रँट हाती येण्याआधीच, साठेखतासारखे बाँड लिहून देऊन जमिनी विकल्या जात. हक्क खोटा ठरला की भरपाई विकणाऱ्याच्या अंगावर. बूनला हे भोवलं.

मिसुरीला हे टप्पे लावू नका. 1799मध्ये बून तिथे गेला तेव्हा तो स्पॅनिश मुलूख होता. तिथे मिळालेले 1000 आर्पेंट (जमिनीचं जुनं फ्रेंच माप) म्हणजे 1000 एकर नव्हेत, सुमारे 850. पुढे मुलूख अमेरिकेकडे आल्यावर, रीतसर नोंद न झाल्यानं अमेरिकी आयोगानं तो दावा फेटाळला; काँग्रेसनं 1814मध्ये जमीन परत दिली आणि केंटकीतली देणी फेडण्यासाठी त्यानं ती विकली.