खोकला छातीत उतरला, आता काय बघायचं?

सर्दी जाते, नाक मोकळं होतं, पण खोकला तेवढा हटत नाही. रात्री पाठ टेकली की उबळ वाढते. मग घरातलं कुणीतरी बेसिनमध्ये डोकावून निकाल देतं: "पिवळा बेडका पडतोय, अँटिबायोटिक लागणार." ब्राँकायटिसबद्दलचा हा सगळ्यात चिवट गैरसमज.

श्वासनळीला छातीत फाटे फुटतात. त्या नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं, तो ब्राँकायटिस. मग कफ वाढतो, वाट अरुंद होते आणि श्वास सोडताना घरघर ऐकू येते. अचानक झालेल्या ब्राँकायटिसमध्ये दहापैकी नऊ वेळा कारण विषाणू असतात, सर्दी-फ्लूचेच. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. कफाला पिवळा-हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे, तेव्हा रंग बघणं सोडा.

आधी दिवस मोजा. खोकला सुरू झाला त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा. हा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणून आठव्या दिवशी डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. मात्र दोन आठवडे उलटले की बेडक्याची टीबीसाठी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

मग श्वास मोजा. माणूस शांत बसलेला हवा आणि त्याला सांगायचं नाही, कारण सांगितलं की श्वास बदलतो. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा, नजर पोटावर ठेवा, मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावा. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 भरतात. ताप आहे आणि आकडा 24 च्या वर, तर न्यूमोनियाची शंका घ्या. एक ते पाच वर्षांच्या मुलात 40, तर दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात 50 भरले तरी डॉक्टर गाठायचे.

थुंकीत रक्त, बोलताना धाप, निळसर ओठ, म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागणं, यातलं काही दिसलं तर मोजत बसू नका, थेट दवाखाना.

तोवर कोमट पाणी आणि झोपताना चमचाभर मध. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. वाफ घेतल्यानं बरं वाटतं, पण उकळतं पातेलं लहान मुलांजवळ नको.

खोकला दरवर्षी येत असेल तर धूर शोधा. वर्षातले तीन महिने कफासह खोकला, तोही सलग दोन वर्षं, याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. बिडी-सिगारेट हे मोठं कारण, पण एकमेव नव्हे. "बिडी ओढता का?" या प्रश्नाला आजी "छे!" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. तिने चाळीस वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला, हे कुणी विचारत नाही. ते आपणच सांगायचं. खाणीतली, गिरणीतली धूळही सांगायची. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालॅप्रिल चालू असेल तर तेही सांगा, त्यांनी कोरडा खोकला येतो. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

दरवर्षी येणाऱ्या अशा खोकल्यात स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी, करून मागा. नळीत जोरात आणि लांब फुंकायचं, एवढीच ती तपासणी. आजीला सांगा, फुंकणी समज.