डीएमए चाललं, तरी वजन जुनंच

पोलिंग (डेटा आला का हे प्रोसेसरने सतत बघत राहणं), इंटरप्ट (डेटा आला की उपकरणानेच प्रोसेसरला हाक मारणं), डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत पोचवणं) ही नावं तुम्ही परीक्षेपुरती तरी वाचली असतील असं धरून चालते. ८०८५ हा जुना प्रोसेसर शिकताना "हे आता कोण वापरतं" असं मलाही वाटायचं. पण त्यातला होल्ड आणि होल्ड-अ‍ॅक्नॉलेजचा व्यवहार नीट समजून घ्या. होल्ड सिग्नलने मागणी आली की प्रोसेसर बस (मेमरीकडे जाणाऱ्या सामायिक तारा) सोडतो, होल्ड-अ‍ॅक्नॉलेजने तसं कळवतो, मग डीएमए कंट्रोलर ती घेतो आणि डेटा परस्पर मेमरीत उतरवतो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

वेगातली तफावत एकदा कागदावर मांडा. सिरियल जोडणीवर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट म्हणजे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. प्रोसेसर २१६ मेगाहर्ट्‌झचा असेल, तर दोन बाइटांच्या मध्ये त्याच्या सव्वादोन लाख सायकल जातात. पोलिंगमध्ये तो एवढा वेळ दारात ताटकळतो. तरीही सुरुवात पोलिंगनेच करा. लॅमिंग्टन रोडवरून एक साधा बोर्ड आणि यूएसबी-सिरियल केबल आणा, चिपची रजिस्टर (तिच्या सेटिंगच्या जागा) स्वतः लिहा. पहिले दोन महिने कोड जनरेटरला (तयार कोड लिहून देणाऱ्या टूलला) हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे.

आता मी कुठे अडकले ते.

अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत माझी पहिली नोकरी. कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरचा बोर्ड होता, वजनकाटा सिरियलवरून आकडा पाठवायचा, डीएमए तो बफरमध्ये (मेमरीतल्या राखून ठेवलेल्या जागेत) ठेवायचं. स्क्रीनवर १२.४० किलो आलं. पोतं उचललं, तरी १२.४०च. कोडमध्ये प्रिंटएफ (आकडा छापून दाखवणारी सूचना) टाकलं की आकडा बरोबर, काढलं की पुन्हा गोठलेला. दहा दिवस हेच. रात्री शेवटच्या लोकलमध्येही डोक्यात तोच आकडा. एक सीनियर म्हणाले, "व्होलाटाइल लाव." लावलं. दुसरे म्हणाले, "डिले टाक." टाकला. कारण न सांगता उपाय सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही अनुभवी असो.

व्होलाटाइल फक्त कंपायलरशी बोलतं: प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमधली जुनी किंमत वापरू नकोस, दर वेळी मेमरी वाच. कंपायलर तसं करतोही. पण वाचायला निघालेला प्रोसेसर आधी डेटा कॅशला, म्हणजे जवळच्या छोट्या वेगवान मेमरीला, विचारतो. तिच्याकडे त्या पत्त्याची प्रत असेल, तर ती तीच देते. खाली रॅममध्ये डीएमएने नवं वजन लिहिलंय हे तिला कळतच नाही, कारण एम७ मध्ये हा ताळमेळ आपोआप होत नाही. प्रिंटएफने बरीच मेमरी चाळवली जायची, जुनी प्रत बाहेर पडायची, म्हणून आकडा सुधारल्यासारखा वाटायचा.

म्हणून डीएमएने आणलेला डेटा वाचण्याआधी तेवढा भाग इनव्हॅलिडेट करा, म्हणजे कॅशमधली प्रत टाकून द्या. पाठवायचा असेल तर डीएमए सुरू करण्याआधी क्लीन करा, म्हणजे कॅशमधले बदल रॅममध्ये लिहा. ही अदलाबदल करू नका. घेताना क्लीन केलंत आणि कॅशमधली ओळ (कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) बदललेली असेल, तर जुना डेटा नव्यावर लिहिला जातो.

एवढं करूनही माझा एक काउंटर मध्येच मागे जायचा. कॅशची ओळ ३२ बाइटांची, माझा बफर २० चा. उरलेल्या १२ बाइटांत तो काउंटर राहत होता. बफर इनव्हॅलिडेट केला की काउंटरची रॅमपर्यंत न पोचलेली किंमतही पुसली जायची. बफर ३२ च्या सीमेवर सुरू करा, आकारही ३२ च्या पटीतच ठेवा. बफर डीटीसीएममध्ये (प्रोसेसरला थेट जोडलेल्या मेमरीत) ठेवायचा सल्ला मिळेल. तिथे कॅश नसते हे खरं, पण एसटीएम३२ एच७ या एम७ चिपमध्ये डीएमए१ आणि डीएमए२ हे कंट्रोलर तिथवर पोचतच नाहीत.

हे वाचून घाबरू नका. असं काही गोठलेलं दिसलं, तर आधी डेटा कॅश पूर्ण बंद करून बघा. दोष नाहीसा झाला, तर शोध कुठे घ्यायचा ते कळलं. पाच मिनिटांचं काम आहे, मला ते दहाव्या दिवशी सुचलं.