पाचशेच्या स्टॅम्पवर लग्न मोडत नाही

मागच्या महिन्यात कराडकडचे एक काका मुलीला घेऊन ऑफिसात आले. पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेला कागद काढला. पाचशेचा स्टॅम्प, नवरा-बायकोच्या सह्या, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. "मॅडम, फारकत झालीय. दुसरं स्थळ बघायचंय, तेवढं एकदा वाचून सांगा."

वाचलं आणि सांगितलं, काका, मुलगी अजून त्याचीच बायको आहे.

असले कागद मी वकिली सुरू केल्यापासून बघतेय. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर असायचे, आता पाचशेच्या. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. रूढीने झालेली काडीमोड कलम 29 ने राखून ठेवली आहे खरी, पण आपल्या समाजात ती पूर्वापार चालत आलीय हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं आणि भल्याभल्यांना ते जमत नाही. कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. तरी तो कागद फाडू नका. दोघं कधीपासून वेगळे राहतात हे दाखवायला तो कामाला येतो. या मुलीच्या कागदावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, म्हणून आमचं काम सोपं झालं.

नवऱ्यालाही सुटायचं होतं. अशा वेळी हिंदू विवाह कायद्याचं कलम 13ब, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल, तर तेही वेगळं राहणंच. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा उभं राहून "अजूनही हेच हवंय" म्हणायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने 2017 साली सांगितलं. त्यासाठी दीड वर्ष आधीच वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा हे मिटलेलं असावं.

अटी लिहिताना मात्र घाई नको. काकांना मी खाली चहाला पाठवलं तेव्हा मुलगी बोलली, "ताई, पाटल्या सासूबाईंकडेच आहेत." आणि कागदावर तिच्याच सहीनिशी लिहिलेलं, 'सर्व स्त्रीधन मिळाले'. हे वाक्य सवयीने टाकलं जातं. मिळालं नसेल तर सही करू नका. दागिन्यांची वजनासकट यादी करा, कोणत्या तारखेला परत करणार ते लिहून घ्या. रोख रक्कम ठरली असेल तर माझी पद्धत अशी: अर्धी पहिल्या अर्जाच्या दिवशी, उरलेली दुसऱ्या तारखेला कोर्टासमोर, दोन्ही डिमांड ड्राफ्टने. कारण हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं.

समोरचा तयार नसेल तर कलम 13. छळ, सलग दोन वर्षं टाकून देणं, व्यभिचार, धर्मांतर वगैरे कारणं तिथे आहेत, आणि ती सिद्ध करावी लागतात. "पटत नाही" हे त्यात नाही. लग्न सुधारण्यापलीकडे मोडलंय एवढ्यावर घटस्फोट देण्याचा अधिकार सुप्रीम कोर्ट वापरतं, 2023 चा घटनापीठाचा निकाल त्याबद्दलच आहे, पण आपल्या जिल्ह्याच्या कोर्टाला तो अधिकार नाही. या वाटेने वर्षं जातात, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. बाईला ती सध्या राहते तिथल्या कोर्टात दावा करता येतो. त्यासाठी सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. दावा चालू असताना कलम 24 खाली पोटगी मागता येते आणि दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बायकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शोधा.

लग्नाला वर्षही झालं नसेल तर सहसा अर्जच घेत नाहीत. फसवून लग्न लावलं असेल तर गोष्ट वेगळी: फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत कलम 12 खाली लग्न रद्द करून मागा. रजिस्टर लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलमांचे आकडे बदलतात, वाट बरीचशी हीच. मुस्लिम आणि ख्रिश्चन लग्नांचे कायदे वेगळे.

पहिल्या भेटीला लग्नपत्रिका, लग्नातले दोन-चार फोटो, दोघांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स आणि असेल तर नोंदणीचा दाखला आणा. नोंदणी नाही म्हणून लग्न नाही, असं होत नाही. आणि सोबत कोणीही आलं तरी दहा मिनिटं मी फक्त मुलीशीच बोलणार.