कागदाच्या घड्या आणि चिमुकली बोटं : या चुका टाळा

होडी वाकडी होतेय असं दिसलं की आपण मुलाच्या हातातून कागद घेतो आणि नीट करून देतो. होडी देखणी होते खरी, पण व्यायाम होतो तो आपल्या बोटांचा. बाकीच्या चुका एक वेळ चालतील, ही नको.

घडी घालताना दोन हातांना दोन वेगळी कामं असतात. एकाने जुळवलेल्या कडा धरून ठेवायच्या, दुसऱ्याने दुमड दाबायची. तीन-चार वर्षांचं मूल अडतं ते इथेच. कोपऱ्यावर कोपरा छान बसवतं, पण दुमड दाबायला एक हात निघाला की दुसराही सुटतो आणि कागद सरकतो. अशा वेळी जुळलेल्या कोपऱ्यावर आपलं एक बोट तेवढं टेकवा, बाकीचं त्याला करू द्या. खालची कड वर नेऊन घडी घालायला सांगा, म्हणजे दुमड त्याच्या पोटाकडे येते आणि दाबायला जोर मिळतो. आधी मधोमध दाबायचं, मग तिथून एकेका टोकाकडे अंगठा फिरवायचा. एका टोकापासून सुरुवात केली तर घडी हमखास तिरकी जाते.

दोष कित्येकदा कागदाचाच असतो. कार्डशीटची तिसरी घडी मोठ्यांनाही जड जाते, मग मुलांचं काय! प्रिंटरचा साधा 70-80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. चौकोन 15 ते 20 सेंटिमीटरचा आणि नेमका कापलेला हवा. तो मुळातच वाकडा असेल तर कोपरे जुळणार कसे? मुलाला मात्र वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

समोर बसून शिकवू नका, डावं-उजवं उलटं दिसतं. शेजारी बसा.

थेट पक्ष्यापासून सुरुवात करायचीही घाई नको. आधी पुस्तकासारखी मधली घडी, मग तिरकी, मग कागद उलटसुलट करत पंखा. जर्मनीत 19व्या शतकात पहिलं किंडरगार्टन काढणाऱ्या फ्रोबेल यांच्या पद्धतीतही कागदाच्या घड्या होत्या आणि त्या सोप्याकडून अवघडाकडेच जात.

मूल वैतागून कागद चुरगळू लागलं तर रागावू नका. चुरगळण्याने आणि फाडण्यानेही हाताचे स्नायू कामाला लागतात. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला घड्यांबरोबरच बटणं लावणं, चमचा धरणं, खडूने रेघ ओढणंही सातत्याने जड जात असेल, तर आणखी सराव लादण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.