नवे कपडे अंगात घालण्याआधी: पहिल्या धुण्यातल्या या चुका टाळा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की नव्या कपड्यांना हळदीकुंकवाचं बोट लागतं आणि ते कोरेच अंगात चढतात. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालत आलं. मग एका दिवाळीत भाचीने गडद मरून रंगाचा सुती कुर्ता असाच घडी मोडून घातला. दुपारपर्यंत चार घरी फराळ करून आली, तर मानेमागे आणि काखेच्या कडेने लाल पट्टा. कुर्त्याचा रंग लागला असेल म्हणून ओल्या पंचाने पुसला. रंग निघाला, पण खालची कातडी लालच राहिली आणि रात्री खाज सुटली. भाऊबीज होऊन गेली तरी ती खाजवत होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. अंगाला थेट लागणारा प्रत्येक नवा कपडा आधी धुवायचा. लहान मुलांचा तर हमखास. पण नुसतं धुवून भागत नाही, कारण निम्मं नुकसान पहिल्या धुण्यातच होतं.

"नवं आहे म्हणजे स्वच्छच आहे"

कोऱ्या कापडाला जो वास आणि करकरीतपणा असतो, त्याला आपण नवेपणा म्हणतो. प्रत्यक्षात तो कापडावर चढवलेल्या थरांचा असतो. मागावर ताण सोसावा म्हणून ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ देतात. मग रंग, मऊपणासाठी सॉफ्टनर, आणि "सुरकुत्या पडत नाहीत" असं लिहिलेल्या शर्टावर बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड नावाच्या उग्र रसायनापासून बनवलेलं रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ. या रेझिनमधून थोडं फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. संवेदनशील त्वचेला त्याने खाज येते, डोळे चुरचुरतात. जपानने १९७० च्या दशकातच कपड्यांतल्या फॉर्मल्डिहाइडवर कायद्याने मर्यादा घातली, आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांसाठी ती सगळ्यात कडक ठेवली. सुटं फॉर्मल्डिहाइड पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे एका धुण्यातही बराच फरक पडतो.

शिवाय तो कपडा ट्रायल रूममध्ये आपल्याआधी किती जणांनी अंगात घालून पाहिला असेल, हे कोण सांगणार? खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. अशी लागण वरचेवर होते असं नाही, पण गर्दीच्या सेलमधून आणलेला कुर्ता न धुता घालायचं काही कारणही नाही.

पुरळ आलं की "घामोळं असेल" म्हणून सोडून देणं

सुती कपड्यापेक्षा पॉलिएस्टर आणि नायलॉनचा गडद काळा-निळा रंग जास्त त्रास देतो. या धाग्यांना डिस्पर्स रंग लागतात. ते धाग्याला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, त्यामुळे घाम आणि घासणं दोन्ही एकत्र आलं की त्यातला थोडा कातडीवर उतरतो. लेगिंग्ज, जिमचे कपडे, ड्रेसचं चकचकीत अस्तर, ही नेहमीची ठिकाणं.

कशामुळे झालं हे ओळखायला काख नीट बघावी. डिओडरंट सोसला नसेल तर पुरळ काखेच्या खळग्यात येतं. कपडा सोसला नसेल तर खळगा बऱ्याचदा मोकळा राहतो आणि पुरळ कडेने येतं, जिथे शिवण घासते तिथे. भाचीचंही तसंच होतं. मांड्यांची आतली बाजू, गुडघ्यामागची घडी आणि कमरेचा पट्टा याही अशाच जागा.

त्रास झाला तर तो कपडा लगेच बाजूला ठेवा. धुतल्यावर पुन्हा घातला आणि पुन्हा चट्टे आले, तर तुम्हाला त्या रंगाचीच अ‍ॅलर्जी असू शकते, आणि घट्ट बसलेला रंग कितीही धुतला तरी कापडातच राहतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून त्रास कशाचा हे शोधणारी तपासणी) करून घ्यावी. घरातलं कुठलंतरी मलम चोळत बसू नये.

मिठाच्या पाण्यात भिजवून "रंग पक्का करणं"

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुती कपड्याला आज बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतात. कारखान्यात रंगाच्या पाण्यात मीठ टाकतात हे खरं, पण ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी. धाग्याशी रंग जोडला जातो तो नंतर टाकलेल्या धुण्याच्या सोड्यामुळे. या सगळ्यात काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि कापडावर सुटाच राहतो. तो कारखान्यातच गरम साबणाच्या पाण्याने धुवून काढायला हवा. त्या धुण्यात पाणी, इंधन आणि वेळ जातो. तिथे काटकसर झाली की सुटा रंग तुमच्या बादलीत येतो.

आता घरी मिठात भिजवल्यावर काय होतं? मीठ तो सुटा रंग तेवढ्यापुरता धाग्यावर दाबून धरतं. पाणी कमी रंगीत दिसतं, आपण खूश होतो. पुढच्या साध्या पाण्यात तोच रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या बनियनला लागतो. मिठाने रंग पक्का झालेलाच नसतो, त्याचं जाणं नुसतं पुढे ढकललेलं असतं.

व्हिनेगरचंही सुती कापडावर काही चालत नाही. रेशीम आणि लोकरीच्या आम्लरंगांना आम्लाची थोडीफार मदत होते, तीही रंगवताना. तुरटीचा उपयोग आल, मंजिष्ठ यांसारख्या नैसर्गिक रंगांना, आणि तोही रंगवण्याआधी कापड तुरटीच्या पाण्यातून काढून. तयार ड्रेस तुरटीत बुडवून काही साधत नाही.

सुटा रंग जाऊ द्यावा, हाच खरा उपाय. आधी पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून शिवणीच्या आतल्या बाजूवर आठ-दहा वेळा घासा. रुमाल रंगला तर तो कपडा एकटाच धुवा. लेबलवर चालत असेल तर कोमट पाण्यात, सौम्य पावडर घालून, हाताने हलवत राहा आणि पाणी बदलत राहा. भाचीचा तो मरून कुर्ता मी नंतर असाच धुतला. पहिलं पाणी बिटाच्या रसासारखं, दुसरं तसंच, तिसरं गुलाबी, चौथं स्वच्छ. कुर्ता आजही मरूनच आहे, फिका पडलेला नाही.

रात्रभर भिजत मात्र घालू नका. पाण्यात उतरलेला रंग थांबून राहिला की त्याच कपड्याच्या पांढऱ्या काठावर किंवा फुलांवर जाऊन बसतो, आणि मग तो डाग काढणं कठीण. धुवून झालं की पिळून गोळा करून ठेवू नका, लगेच झटकून सावलीत पसरा.

निळ्या जीन्सचं वेगळं आहे. नीळ धाग्याच्या आत फारशी शिरत नाही, वरच्या थरावरच बसते. म्हणून नवी जीन्स पांढऱ्या बुटांना, फिक्या सोफ्याला रंग लावते आणि पुढची अनेक धुणी थोडा थोडा रंग सोडत राहते. तिला उलटी करून, गार पाण्यात, वेगळीच धुवायची. तिचं पाणी स्वच्छ होण्याची वाट बघू नये.

आधी शिवणं, मग धुणं

शिवून घेतलेल्या कपड्यांत सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कापड आटतं ते पहिल्या धुण्यात. मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत ताणलेला धागा पाणी मिळताच मूळ लांबीवर परत येतो. खादी आणि साधं सुती ड्रेस मटेरियल तर चांगलंच आटतं. सलवार पायाच्या वर जाते आणि दोष शिंप्याला लागतो.

साडीच्या फॉलचं बघा. सिंथेटिक साडी धुतल्यावर तसूभर आटत नाही, पण तिला आतून लावलेला सुती फॉल आटतो. मग साडीचा खालचा काठ फॉलबरोबर ओढला जातो, निऱ्यांपाशी बारीक चुण्या पडतात आणि इस्त्रीने त्या जात नाहीत. फॉल उसवून पुन्हा लावणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून फॉल-पिकोला साडी देताना फॉल स्वतः विकत घ्या, अर्धा तास पाण्यात बुडवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच द्या. भिजणं-वाळणं सोडलं तर हाताचं काम पंधरा मिनिटांचंच आहे.

ब्लाउजच्या अस्तराचंही तेच. वरचं कापड रेशमी किंवा ब्रोकेडचं आणि आत न भिजवलेलं सुती अस्तर, तर पहिल्याच धुण्यात अस्तर आखडतं, बाह्यांची शिवण ओढते आणि पाठीला फुगा येतो. अस्तर भिजवूनच शिवा असं ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगावं. लग्नसराईच्या घाईत तर नक्कीच सांगावं.

खळ नुसत्या पाण्यातून काढून गेली असं समजणं

सोलापूरचे नवे टर्किश टॉवेल अंगावरचं पाणी टिपत नाहीत, नुसतं पसरवतात, अशी तक्रार ऐकू येते. टॉवेल वाईट नसतो. त्याच्यावरचा सॉफ्टनर पाणी आत जाऊ देत नाही. दोन-तीन वेळा कोमट पाण्यात, पावडर नेहमीपेक्षा कमी घालून धुवा. कंडिशनर अजिबात घालू नका, नाहीतर तोच थर पुन्हा चढवाल. कडक सुती कापडाची खळही वरवर खळबळून जात नाही. ते अर्धा-पाऊण तास साध्या पाण्यात फुगू द्यावं, मग चोळावं. गडद रंगाचं असेल तर आधी रुमालाची परीक्षा करून.

बाळाला बाळंतविड्यातलं झबलं तसंच घालणं

आपल्याकडे नव्या बाळाला जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतात. अनेक वर्षं धुवून मऊ झालेल्या त्या सुतात खळ नाही, सुटा रंग नाही. याहून चांगलं कापड बाळाला दुसरं नाही. बारशाला आलेली झबली, टोपडी, लंगोट मात्र दुकानातून थेट आलेली असतात. बाळाची कातडी पातळ असते आणि ते कापडाचं टोक चोखतंही. हे कपडे सौम्य साबणाने धुवा आणि एका पाण्याऐवजी दोन-तीन पाण्यांतून काढा, कारण उरलेला साबणही टोचतो. मानेजवळचं लेबल कापून टाका.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी आवर्जून सांगते. बाळाचे कपडे, दुपटी, गोधड्या डांबरगोळ्यांच्या पेटीत ठेवू नका. त्या गोळ्यांमध्ये बहुतेकदा नॅफ्थालीन असतं. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाऊ शकते. ही कमतरता जन्मतः असते आणि बाहेरून दिसत नाही. पेटीतून काढलेल्या गोधडीला वास येत असेल तर ती धुवून, उन्हात चांगली वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाजवळ नेऊ नये.

धुऊ नये ते धुणं

पैठणी, जरीची रेशमी साडी, भरतकामाचा लेहेंगा, अस्तर असलेला ब्लेझर यांना घरी पाणी लावायचं नाही. यांची घडी तशीच मोडा. खाली सुती परकर आणि अस्तर लावलेला ब्लाउज असेल तर रंग कातडीला फारसा लागतच नाही. आदल्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवा. ड्रायक्लीन करून आणलेले कपडेही प्लॅस्टिकमधून बाहेर काढून वास जाईपर्यंत मोकळे ठेवा.

दिवाळीचं म्हणाल, तर धुतल्याने कपड्याचं नवेपण जातं असं वाटणाऱ्यांना माझी आई सांगते की देवाच्या पूजेला आपण धूतवस्त्रच नेसतो. वसुबारसेच्या आधी धुवून, इस्त्री करून ठेवा. हळदीकुंकवाचं बोट तेव्हाही लावता येतं. जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मचं जरा आधीच बघावं. पाऊस सुरू झाला की जाड कापड दोन दिवस दमट राहतं आणि त्याला कुबट वास येतो.

रंग लागलाच, तर

मशीनमधून बाहेर काढल्यावर पांढरे कपडे गुलाबी दिसले की आपण हताश होऊन ते दोरीवर टाकतो. तेच करू नका. वाळल्यावर आणि इस्त्री फिरल्यावर डाग जास्त घट्ट बसतो. कपडे ओले असतानाच रंग सोडणारा कपडा वेगळा काढा आणि बाकीचे लगेच पुन्हा धुवा. सुती पांढऱ्या कपड्यांसाठी ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं ब्लीच) कोमट पाण्यात विरघळवून काही तास भिजवा, मग धुवा. क्लोरीनचं ब्लीच रेशीम आणि लोकर खातं, आणि लायक्रा असलेले कपडे पिवळे पाडतं, त्यामुळे त्याकडे वळण्याआधी लेबलवरचा त्रिकोण बघा. त्यावर फुली असेल तर कुठलंच ब्लीच चालत नाही. पहिल्या धुण्यात सगळा रंग निघाला नाही तरी कपडा ओलाच ठेवून दुसऱ्यांदा भिजवा. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला गुलाबी झाक निघून जाते.