जुनी डर्ट बाइक, नवी डर्ट बाइक: सस्पेन्शन लावताना फ्रेमचा लवचिकपणा कसा सांभाळावा

नव्या बाइकवर जमलेली सेटिंग जुन्या बाइकवर जशीच्या तशी चढवली की हमखास फसते. बाइक सरळ चालत असताना खड्ड्याचे धक्के फोर्क (पुढच्या चाकाच्या दोन दबणाऱ्या नळ्या) आणि मागचा शॉक पचवतात. वळणात बाइक झुकली की धक्का फोर्कच्या रेषेत न येता आडवा येतो, आणि त्या दिशेने फोर्क दबूच शकत नाही. तेव्हा फ्रेम, फोर्कच्या नळ्या, टी (फोर्क धरून ठेवणारे वरचे-खालचे क्लॅम्प) आणि स्विंग आर्म (मागचं चाक धरणारी दांडी) यांनाच थोडं वाकावं लागतं. हे वाकणं कमी पडलं तर चाक मातीवरून उडतं, जास्त झालं तर बाइक रेषा धरत नाही.

होंडाने 1997 च्या सीआर250आरला अॅल्युमिनियमची फ्रेम दिली. मोठ्या प्रमाणावर बनलेल्या मोटोक्रॉस बाइकमधली ही पहिलीच. ती इतकी ताठ निघाली की 2000 आणि पुन्हा 2002 मध्ये कंपनीला ती नव्याने आखावी लागली. 2005-06 पर्यंत इतर जपानी कंपन्याही अॅल्युमिनियमकडे वळल्या. केटीएम मात्र आजही क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या नळ्या वापरते. म्हणजे पोलाद दिसलं की फ्रेम जुनाट, असं समजू नका.

आधी खेळ (सैलपणा) काढा

जुन्या बाइकवर ‘फ्रेम लवते’ ही तक्रार बऱ्याचदा झिजलेल्या बेअरिंगची असते. बाइक स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत ठेवा. स्विंग आर्मचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा, मग चाक वर उचलून पाहा. ‘खट्’ असा आवाज आला तर स्विंग आर्म किंवा लिंकेजची (स्विंग आर्म आणि शॉक जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंग गेली. पुढे फोर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे ओढा. खेळ लागला तर हँडलच्या बेअरिंगचा नट सैल आहे. स्टिअरिंग हेड (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात हँडलची बेअरिंग बसते), स्विंग आर्मचा पिव्हट (तो ज्याभोवती फिरतो तो सांधा) आणि फुटरेस्टचे ब्रॅकेट इथल्या वेल्डिंगभोवती रंग फुटलाय का, गंजाची बारीक रेघ दिसते का, हे बॅटरीच्या उजेडात पाहा. तडा असेल तर पुढचं सगळं तिथेच थांबवा.

आता फोर्क सरळ बसवा. एक्सलचा नट आवळा, पण एक्सल फोर्कमध्ये आवळून धरणारे खालचे पिंच बोल्ट सैलच राहू द्या. बाइक खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा दाबा, मगच पिंच बोल्ट आवळा. टीचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, आणि आकडा तुमच्या बाइकच्या मॅन्युअलमधला. अलीकडच्या केटीएम एसएक्सवर वरच्या टीला 17 आणि खालच्या टीला फक्त 12 न्यूटन-मीटर असतो. अंदाजाने करकचून आवळलं की बाहेरची नळी दाबली जाते, आतली अडकत चालते आणि दोष मात्र सेटिंगच्या माथी जातो.

सॅग मोजा

सॅग म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते अंतर. मागच्या एक्सलपासून थेट वर मडगार्डवर खूण करा. चाक हवेत असताना अंतर मोजा, समजा 610 मिमी. बाइक जमिनीवर, रायडरविना: 573. पूर्ण गिअर घालून रायडर फुटरेस्टवर, मग सीटवर बसून: 505. रायडरसह सॅग 105, नुसता (फक्त बाइकच्या वजनाचा) सॅग 37. सुमारे 300 मिमी ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जाऊ शकतं त्या एकूण अंतराच्या) बाइकवर 100 ते 105 आणि 30 ते 40 हे आकडे चालतात.

रायडरसह सॅग बरोबर, पण नुसता 15 च भरला तर स्प्रिंग मऊ आहे आणि ती प्रीलोडच्या जोरावर, म्हणजे रिंग आवळून आधीच दाबून, धरली आहे. नुसता सॅग 50 च्या वर गेला तर स्प्रिंग कडक. दोन्ही वेळा स्प्रिंगच बदला. प्रीलोडची रिंग फिरवण्याआधी आटे ब्रशने साफ करा; माती अडकली की अॅल्युमिनियमचे आटे खाल्ले जातात.

ट्रॅव्हल कमी असेल तर हेच आकडे घेऊ नका. एक्सपल्स 200 च्या मागे 170 मिमीच ट्रॅव्हल आहे, तिथे 105 मिमी सॅग म्हणजे निम्म्याहून जास्त ट्रॅव्हल बसल्याबसल्या संपलं. साधारण एक तृतीयांश, म्हणजे 50-55 मिमी धरा.

क्लिकर आणि तेल

क्लिकर, म्हणजे डॅम्पिंग (सस्पेन्शनच्या हालचालीला तेलाने होणारा अडथळा) कमी-जास्त करणारे स्क्रू, घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा, जोर लावू नका, आणि तिथून मोजत कारखान्याच्या आकड्यावर या. ट्रॅकचा एकच तुकडा ठरवा. एका वेळी एकच बदल, तोही दोन क्लिकचा. जुन्या डॅम्पर-रॉडच्या फोर्कला क्लिकर नसतातच. तिथे तेलाचा दाटपणा आणि पातळी हीच हत्यारं. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दबलेला. ती 5 मिमीने वाढवली की वरची हवा कमी होते आणि शेवटच्या टप्प्यात फोर्क कडक होतो.

फ्रेमचं लक्षण, त्यावरचा उपाय

बारीक खडबडीत जागेवर हात बधिर होतात, सपाट वळणात पुढचं चाक बाहेर ढकललं जातं, ब्रेकिंगच्या खड्ड्यांत हँडल झटके देतं: हा ताठपणा. कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग) दोन क्लिक सैल करा, टायरची हवा 12 ते 14 पीएसआयमध्ये आहे ना पाहा, रबर माउंटचा हँडल क्लॅम्प लावून बघा. त्यानंतर हेड-स्टे, म्हणजे इंजिनाच्या डोक्याला फ्रेमशी जोडणाऱ्या पट्ट्या. कारखान्यांच्या टीम या पट्ट्यांचा धातू आणि जाडी बदलून फ्रेमचा स्वभाव बदलतात. घरी करायचं तर मूळच्याहून पातळ पट्ट्या लावून पाहता येतात. इंजिनाचे मुख्य बोल्ट आणि स्विंग आर्मचा पिव्हट मात्र कधीही सैल सोडू नका. तिथे लवचिकपणा येत नाही, भोकं अंडाकृती होतात.

उलट वेगात बाइक डुलते, रटमध्ये (चाकांनी पडलेल्या चरीत) मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही, हँडल वळवल्यावर प्रतिसाद उशिरा येतो, तर फ्रेम किंवा फोर्क मऊ. बेअरिंग नवीन टाकूनही तसंच राहिलं तर मागचा रिबाउंड (परत उसळतानाचं डॅम्पिंग) दोन क्लिक आवळा. जुन्या 43 मिमीच्या फोर्ककडून आजच्या 48 मिमीच्या उलट्या (जाड नळी वर असलेल्या) फोर्कची अपेक्षा करू नका. फोर्क बदलून नवा बसवणारेही असतात, पण ताठ फोर्क मऊ फ्रेमवर आला की सगळा ताण स्टिअरिंग हेडच्या वेल्डवर जातो. असा बदल केला असेल तर प्रत्येक राइडनंतर बाइक धुतली की तो वेल्ड तपासा.