यूईएफआय प्रोग्राम संपताना कोसळत असेल तर दोष कसा शोधावा

यूईएफआय म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फर्मवेअरचे मानक. त्यावर चालणारा प्रोग्राम आपले काम नीट करतो, शेवटचा संदेशही उमटतो आणि बाहेर पडतानाच क्यूएमू (संगणकाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) गोठतो किंवा पुन्हा बूट होतो. कोसळते फर्मवेअर, पण खोट बहुतेक वेळा आपल्याच कोडची असते.

आधी पुरावा गोळा करा. ओव्हीएमएफची, म्हणजे क्यूएमूसाठीच्या यूईएफआय फर्मवेअरची, डीबग बिल्ड वापरा. तिचे संदेश हेक्स ४०२ या पोर्टवर जातात. क्यूएमूच्या ‘डीबगकॉन’ पर्यायाने ते फाइलीत उतरवा. ‘नो-रीबूट’ आणि ‘नो-शटडाउन’ हे दोन्ही पर्यायही द्या, नाहीतर शेवटची अवस्था पुसली जाते. आपली इमेज (प्रोग्रामची मेमरीतली प्रत) कोणत्या पत्त्यावर लोड झाली, तो आकडा लॉगमधून टिपून ठेवा.

आता लॉगमधल्या अपवादाच्या (सीपीयूने पकडलेल्या चुकीच्या) नोंदीतला आरआयपी, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता ठेवणारे रजिस्टर, पाहा. तो आपल्या इमेजच्या हद्दीत असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये तिथले ८ बाइट वाचा. सगळे हेक्स ‘एएफ’ निघाले, तर निदान झालेच: डीबग बिल्ड मोकळ्या केलेल्या मेमरीत हाच बाइट भरते. अ‍ॅप्लिकेशन परतले की, यश कळवो वा चूक, फर्मवेअर त्याची इमेज काढून टाकते. प्रोग्रामने लावलेला टायमर इव्हेंट (ठरल्या वेळी फंक्शन बोलावणारी नोंद) मात्र जिवंत राहतो आणि नसलेल्या फंक्शनला हाक मारतो. म्हणून प्रत्येक इव्हेंट बंद करा, बसवलेले प्रोटोकॉल (इतरांना वापरता यावेत म्हणून नोंदवलेले फंक्शनसंच) काढा. चुकीमुळे मधूनच परतणाऱ्या वाटांवर हेच हमखास राहून जाते.

आरआयपी फर्मवेअरच्या हद्दीत असेल तर कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शन बोलावताना रजिस्टर कसे वापरायचे याचे नियम) तपासा. एंट्री पॉइंटवर आणि शेवटच्या ‘रेट’ या परतण्याच्या सूचनेवर ब्रेकपॉइंट लावून आरएसपी (स्टॅकचा पत्ता ठेवणारे रजिस्टर), आरबीएक्स, आरबीपी, आरडीआय, आरएसआय आणि आर१२ ते आर१५ जुळवा, सगळे जसेच्या तसे हवेत. लिनक्सच्या पद्धतीत आरडीआय आणि आरएसआय जपण्याचे बंधन नाही, यूईएफआयच्या ६४-बिट पद्धतीत आहे. असेंब्लीतला छोटा तुकडा पॅरामीटर योग्य रजिस्टरांत उतरवून देत असेल तर सुरुवात सुरळीत होते आणि चूक परतताना उघडी पडते. जीसीसी कंपायलरमध्ये फंक्शनवर ‘ईएफआयएपीआय’ हा यूईएफआयची पद्धत लागू करणारा मॅक्रो लावा. रेड झोनही, म्हणजे आरएसपीखालची जागा आरएसपी न हलवता वापरण्याची सवलत, बंद करा. इंटरप्ट त्याच स्टॅकवर येतो आणि आरएसपीखालचे १२८ बाइट तुडवतो. असा दोष कधी दिसतो, कधी नाही.

‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ (फर्मवेअरच्या बूट सेवा बंद करणारा कॉल) यशस्वी झाल्यावर तर परतूच नये. तिथून ‘रीसेट सिस्टिम’ बोलवा.

दुरुस्तीनंतर शेलमधून प्रोग्राम ८–१० वेळा चालवा आणि दरवेळी काही सेकंद थांबा, कारण विसरलेला टायमर उशिराही वाजतो.